मदत हवी आहे: रिक्वायर्स-न्यूमुळे कनेक्शन पूल अडकतो

नमस्कार मंडळी. नाशिकच्या कांदा लिलावाची हिशोबपट्टी करणारं ॲप्लिकेशन आहे: स्प्रिंग बूट (जावा फ्रेमवर्क), पोस्टग्रेस डेटाबेस, हिकारीचा कनेक्शन पूल (डेटाबेसशी उघडलेल्या जोडण्यांचा सामायिक साठा) डिफॉल्ट 10. पट्टीचं मुख्य ट्रान्झॅक्शन रोलबॅक (रद्द) झालं तरी ऑडिट नोंद टिकायलाच हवी, म्हणून ती रिक्वायर्स-न्यूमध्ये (मुख्य ट्रान्झॅक्शन थांबवून, वेगळं कनेक्शन घेऊन चालणाऱ्या स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये) आहे.

लिलाव उरकले की एकदम पट्ट्या निघतात. 10 थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) 10 कनेक्शन धरून बसतात आणि प्रत्येकाला ऑडिटसाठी दुसरं हवं असतं. डेटाबेसमध्ये कुठलंच लॉक दिसत नाही, 30 सेकंदांनी टाइमआउट. कारण कळलंय, उपाय पटत नाही.

पूल वाढवायचा तर टॉमकॅट वेब सर्व्हरच्या 200 थ्रेडना किमान 201 कनेक्शन लागतील; पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादाच 100. आफ्टर-कम्प्लिशनमध्ये (ट्रान्झॅक्शन संपल्यावर स्प्रिंग बोलावतं त्या कोडमध्ये) ऑडिट लिहिलं तरी पहिलं कनेक्शन तोवर सुटलेलं नसतं, म्हणजे पुन्हा तेच. ट्रान्झॅक्शनबाहेरच्या वेगळ्या क्लासमधून (त्याच क्लासमधून बोलावलं तर ट्रान्झॅक्शन सुरू करणारी स्प्रिंगची प्रॉक्सी वगळली जाते) आधी पट्टी, मग ऑडिट, हे मला बरं वाटतं. पण मध्येच सर्व्हर पडला तर नोंद गेली.

ऑडिटला 5 कनेक्शनचा स्वतंत्र पूल द्यावा, की पट्टीआधीच ‘सुरू’ अशी नोंद कमिट करून नंतर निकाल भरावा? प्रॉडक्शनमध्ये यातलं काही चालवलेल्यांनी कृपया सांगा.