दूध, दही, अंडं काहीच नको असा संत्र्याचा केक जमेल का?

कृष्णाकाठची (विश्रामबाग, सांगली)

रविवारी आम्हा मैत्रिणींचं सागरेश्वरला जायचं ठरलंय. डबे वाटून घेतले, त्यात केक माझ्या वाट्याला आला. एरवी मी दही आणि मिल्कमेडचा डोळे झाकून करते, पण यंदा आमच्यातली एक व्हेगन झालीय. "माझ्यासाठी वेगळं काही करू नका गं, मी भडंग खाईन," असं ती म्हणाली आणि तिथंच माझी पंचाईत झाली. आम्ही सगळ्या केक खाणार आणि ही भडंगातले शेंगदाणे वेचत बसणार, हे काही मला बघवायचं नाही.

बाजारात नागपुरी संत्री छान आलीत, म्हणून संत्र्याचाच करावा म्हणते. दह्याच्या जागी काय घालू? कुणी जवस भिजवायला सांगतं, कुणी केळं कुस्करायला, कुणी तर छोले उकडलेलं पाणी फेटायला. केळं मला नकोय, मग तो केळ्याचाच केक होतो. सालीचं पण सांगा. मागे विकतचा ऑरेंज केक आणला होता, तो कडूजहर निघाला. ओटीजी आहे. आयसिंग नको, घाटातल्या वळणांवर डबा कसा जाईल सांगता येत नाही.

चिमूटभर_मीठ (मिरज)

बदामाच्या दुधात चमचाभर व्हिनेगर घाल, ते फाटतं, ताकासारखं वापर. आणि एक, पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून फसू नकोस. तो शाकाहारीचा, त्यात दूध-मध चालतं. मार्गारीनमध्येही कधीकधी दुधाची पावडर असते. व्हेगनसाठी २०२२ च्या नियमांत वेगळं चिन्ह आलंय, हिरव्या व्ही अक्षराचं. ते नसेल तर मागची बारीक अक्षरं वाच.

जुना_केमिस्ट (वाळवा)

ताई, बदाम राहू द्यात डब्यात. केकमध्ये दही कशासाठी असतं? आंबटपणासाठी. आंबट आणि खायचा सोडा एकत्र आले की वायू सुटतो, केक फुगतो. संत्र्याचा रस मुळातच आंबट आहे, मग दह्याची जागा भरायला आणखी पाहुणे कशाला? माझी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात लुडबुड करतो, सौ. ओरडते, पण केक खाते.

माझं माप २४० मिलीच्या कपाचं. दीड कप मैदा, पाऊण कप साखर, एक कप गाळलेला संत्र्याचा रस, पाव कपाहून थोडं जास्त तेल, अर्धा छोटा चमचा सोडा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. एक कप रसातली आम्लता अर्ध्या चमचा सोड्याला जवळपास पुरी पडते. सोडा वाढवलात तर उरलेला साबणासारखा लागतो. तेल सूर्यफुलाचं घ्या. घाण्याचं शेंगतेल भाजीत राजा, इथे मात्र संत्र्याला बोलू देत नाही.

आता साल. सुगंध सगळा वरच्या केशरी पापुद्र्यातल्या तेलाच्या पिशव्यांत, आणि कडूपणा खालच्या पांढऱ्या भागात. नागपुरी संत्र्याची साल सैल, त्यामुळे सोललेली साल किसायला गेलात की पांढरं येणारच. संत्रं कोमट पाण्यानं धुऊन, कोरडं करून, अख्खंच बारीक किसणीवर हलक्या हातानं फिरवा. एका जागी दोनदा घासायचं नाही. दोन संत्र्यांचा कीस पुरे. मग तो कीस साखरेत टाका आणि बोटांनी चोळा. साखर ओलसर होते, फिकट केशरी रंग धरते, आणि घरभर वास जातो. ही पायरी कुणी गाळू नये. रस मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका, बियाही कडू असतात.

कोरडं चाळून घ्या. साखर, तेल, रस वेगळं ढवळा. ओटीजी १८० अंशांवर आधी तापलेला हवा. मगच दोन्ही एकत्र करायचं, गाठी मोडेपर्यंतच हलवायचं आणि लगेच सात इंची भांड्यात ओतायचं. मिश्रण ओट्यावर ठेवून फोनवर बोलत बसलात तर वायू तुमच्या गप्पा ऐकत निघून जाईल. पस्तीस मिनिटांच्या आसपास सुरी घालून बघा.

चिमूटभर_मीठ (मिरज)

काका, मान गए! मोसंबी चालेल का? आणि रंगासाठी आपली सांगलीची हळद? सोड्यानं ती लाल होते ना? शिवाय कडक व्हेगन लोक साखरसुद्धा बघतात म्हणे, हाडांच्या कोळशानं पांढरी करतात म्हणून.

जुना_केमिस्ट (वाळवा)

मोसंबीत आंबटपणा कमी, तेव्हा रसात एक मोठा चमचा लिंबू पिळा. शिवाय मोसंबीचा रस काढून ठेवला की कडवट होत जातो, सगळी तयारी झाल्यावरच काढा.

हळद चिमूटभर चालेल. ती लाल होते सोडा वरचढ झाला तर. रस पुरेसा असेल तर पिवळीच राहते. केकमध्ये तांबडे ठिपके दिसले तर समजा, सोडा नीट चाळला गेला नाही.

हाडांचा कोळसा परदेशातल्या काही रिफायनऱ्यांत वापरतात. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत उसाचा रस चुना आणि गंधकाचा धूर देऊन साफ करतात. त्या वासात माझी हयात गेली. तुमच्या मैत्रिणीला बिनघोर खायला सांगा.

कृष्णाकाठची (विश्रामबाग, सांगली)

काका, आज करून बघितला. साखर चोळताना सासूबाई देवघरातून उठून आल्या, काय चाललंय म्हणून. केक छान फुगला, कडूपणाचं नाव नाही. वरून तासगावचे बेदाणे मैद्यात घोळवून टाकले, तरी निम्मे तळाशी गेलेच. रविवारी बेदाणे न घालताच करणार. आदल्या रात्री करून ठेवला तर चालेल ना?

जुना_केमिस्ट (वाळवा)

चालेल काय, दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका, वाफ धरली की वरचा भाग चिकट होतो. कापायचा मात्र तिथं गेल्यावरच.

नवखी_सुगरण (इस्लामपूर)

माझ्याकडे ओव्हन नाही. कुकरमध्ये होईल?

जुना_केमिस्ट (वाळवा)

होईल. शिट्टी आणि रिंग काढा, पाणी अजिबात नाही. तळाला वाटीभर जाडं मीठ, त्यावर स्टँड, झाकून दहा मिनिटं तापू द्या. मग भांडं ठेवून गॅस बारीक. पाऊण तास धरून चला, अर्ध्या तासाआधी झाकण उघडू नका.