शहराखालच्या डोहांतला गाळ तपासल्याशिवाय शेतात टाकावा का?

धागा सुरू करणारे (भडगाव परिसर)
२०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली, तेव्हापासून गाळ म्हणजे सोने हे खानदेशात घरोघरी ऐकू येते, आणि पाझर तलावांच्या बाबतीत ते खरेही आहे. माझी शंका शहरांच्या आणि कारखान्यांच्या खालच्या अंगाला असलेल्या डोहांपुरती आहे. मागच्या वैशाखात, जिथे नाला नदीला मिळतो तिथला गाळ मी हातात घेऊन पाहिला. वरचा बोटभर थर करडा होता, खालचा डांबरासारखा काळा होता आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येत होता. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू बहुतांशी बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. त्यामुळे पाण्याचा नमुना चांगला निघाला तरी गाळ निर्धोक ठरत नाही. अशा ठिकाणी तपासणी सक्तीची असावी.

प्रतिसाद : केळी उत्पादक, रावेर
सक्तीला माझा विरोध आहे. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची आहे आणि त्यात तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच असते, त्यामुळे नुसता एकूण आकडा पाहिला तर चांगली मातीही दूषित वाटेल. शिवाय आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत बहुतेक धातू पिकाला सहज मिळत नाहीत. जमिनीत जस्त असूनही आम्हाला जस्ताची फवारणी करावी लागते, ती त्यामुळेच. अहवालाची वाट पाहता पाहता मृग लागेल. आणि ‘खानदेशच्या मातीत विष’ अशी बातमी व्यापाऱ्यांच्या कानी गेली, तर पडलेला भाव कोण भरून देणार?

प्रतिसाद : पक्षीनिरीक्षक, भुसावळ
भावाची चिंता रास्त आहे, पण गाळ फक्त शेतात जात नाही. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात येणारी बदके उथळ चिखल चाळून खातात आणि पाणकावळे त्याच पाण्यातल्या माशांवर जगतात. तळातले जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात, म्हणजे शरीरात साचणाऱ्या विषारी रूपात, रूपांतर करतात. ते लहान माशातून मोठ्या माशात आणि तिथून पक्ष्यात किंवा माणसात जाताना प्रत्येक पायरीला वाढत जाते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला आजार असाच मासे आणि शिंपले खाणाऱ्यांना झाला होता. आपल्याकडे काठावरची भोई कुटुंबे जवळजवळ रोज नदीचा मासा खातात. मुलांच्या बाबतीत तर शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून तपासायचे असेल, तर गाळाबरोबर मासाही तपासावा.

धागा सुरू करणारे
बेसाल्टचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्यावर उपायही आहे : शहराच्या वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा गाळ एकाच दिवशी, एकाच पद्धतीने तपासावा. खडक दोन्हीकडे एकच असल्यामुळे जो मोठा फरक दिसेल, तो बहुधा माणसाने घातलेला असेल. जस्ताचा दाखला मात्र कॅडमियमला जसाच्या तसा लावता येत नाही. जपानमधल्याच जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम भातात उतरले आणि लोकांची मूत्रपिंडे व हाडे निकामी झाली. आपल्याकडे भात कमी असला, तरी नदीकाठच्या मळ्यांत मेथी आणि पालक असतो, आणि पालेभाज्या कॅडमियम अधिक शोषतात.

प्रतिसाद : केळी उत्पादक, रावेर
वरचा आणि खालचा नमुना ही तुलना मला पटते. खर्च शासनाने करावा आणि नमुने माघ-फाल्गुनातच घ्यावेत, म्हणजे गाळाचा उपसा अडणार नाही. तेवढे झाले तर माझा विरोध केवळ ‘सक्ती’ या शब्दापुरता उरतो.