लसीबद्दल साशंक पालकांशी डॉक्टरांनी कसं बोलावं?

उंबरठा
"लसीचं काय ठरवलंय?" असं डॉक्टरांनी विचारूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. "आज एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) द्यायची आहे" म्हणावं आणि कामाला लागावं. २०१३ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर-पालकांची बोलणी चक्क व्हिडिओवर टिपली होती. विचारून सुरुवात केली तिथे ८३ टक्के पालकांनी आढेवेढे घेतले, थेट सांगितलं तिथे २६ टक्क्यांनी. आधी नाही म्हणणाऱ्यांपुढेही डॉक्टरांनी सल्ला लावून धरला, तेव्हा ४७ टक्के तयार झाले.

तिरकस
असहमत. त्या अभ्यासात साशंक पालक मुद्दाम जास्त घेतले होते, हे सांगायचं राहिलं का? त्याच संशोधकांचा २०१५चा निबंधही बघा. थेट सांगितल्यावर लस जास्त जणांनी स्वीकारली हे खरं, पण पालकांनी भेटीला चांगले गुण दिले ते विचारून बोलणाऱ्या डॉक्टरांना. लस टोचून झाली, पालक मनातून खट्टूच. पुढच्या डोसला फिरकतील?

उंबरठा
फिरकणार नाहीत हा तुमचा अंदाज झाला. गोवराचा एक रुग्ण, आसपास कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना लागण करतो. तिथे गुण कसले मोजताय?

ओपीडीतला
दोघंही पहिल्या वाक्यावरच भांडताय. खरी परीक्षा नकारानंतर असते, आणि तिथे आम्ही डॉक्टर आकडे फेकायला लागतो. २०१४च्या एका अभ्यासात पालकांना एमएमआर आणि ऑटिझमचा संबंध नाही हे पुराव्यानिशी सांगितलं. गैरसमज कमी झाला, पण मुळातच लसींबद्दल सर्वात नाराज असलेल्यांची लस देण्याची तयारी उलट घटली! म्हणून मी आधी विचारतो, "नेमकी कशाची धास्ती वाटते?" पुष्कळदा ऑटिझम वगैरे नसतंच, ओळखीतल्या कुणाच्या बाळाला ताप आलेला असतो. मग परवानगी घेऊन तेवढ्यापुरतंच बोलतो: आठवड्या-दीड आठवड्याने ताप येऊ शकतो, आणि साधारण ३ ते ४ हजार डोसांमागे एखाद्या बाळाला तापात आकडीचा झटकाही.

साधी_शंका
झटक्याचं ऐकून कुठली आई लस देईल? हे म्हणजे आपल्याच हातानं घाबरवणं.

ओपीडीतला
लपवलं आणि झटका आलाच, तर ती आई परत येणार नाही, चार जणींनाही सांगेल. शिवाय लगेच पुढचं वाक्य असतं: हे झटके सहसा कायमची इजा करत नाहीत. गोवरात मात्र हजारातल्या एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते.

रोखठोक
एवढं करूनही ऐकत नसतील तर दुसरा डॉक्टर बघा म्हणावं. बाहेर लसीचं वय न झालेली तान्ही बाळं बसलेली असतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१६ साली हा पर्याय मान्य केलाय.

तिरकस
आणि ते पालक जाणार कुणाकडे? जो त्यांच्या नकाराला मान डोलावेल त्याच्याकडे. बाळं तर तिथल्या बाकावरही असतात.

ओपीडीतला
मी काढून लावत नाही. सर्दी-खोकल्याला येतात, तेव्हा लसीचं पुन्हा विचारतो. काही जण वैतागतात. वैतागू देत.