उद्योजक, मध्यममार्गी, गव्हर्नर: मिशिगनने रिक स्नायडरना निवडले ते चुकले का?

कडबोळे (धागाकर्ता)

अमेरिकेत राज्यांच्या निवडणुका आल्या की एक उमेदवार हमखास दिसतो. कंपनी चालवलेला, स्वतःचे पैसे ओतायला तयार, राजकारणात नवखा. ‘मी ना डावा ना उजवा, मला फक्त प्रश्न सोडवायचेत’ हे त्याचे पालुपद. कंटाळलेल्या मतदाराला ते आवडते. मलाही आवडायचे.

माझे म्हणणे असे की या उमेदवाराचा मध्यममार्ग मतमोजणीच्या दिवसापर्यंतच टिकतो. तो खोटारडा असतो असे नाही. पण विधिमंडळात त्याचे स्वतःचे आमदार नसतात. आमदार पक्षाचे, आणि पक्ष ओढेल तिकडे हा जातो. याचा सर्वांत स्वच्छ दाखला मिशिगनचे माजी गव्हर्नर (पद आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे) रिक स्नायडर.

थोडी पार्श्वभूमी. सनदी लेखापाल, वयाच्या तेविशीपर्यंत मिशिगन विद्यापीठाच्या तीन पदव्या, मग गेटवे या संगणक कंपनीचे अध्यक्ष, पुढे ॲन आर्बरमध्ये नव्या कंपन्यांना भांडवल देण्याचा धंदा. २०१० साली मिशिगन रडकुंडीला आले होते. आदल्या वर्षी जनरल मोटर्स आणि क्रायसलर दोन्ही दिवाळखोरीत गेल्या, बेरोजगारी १४ टक्क्यांवर पोचली, आणि त्या दशकात लोकसंख्या घटलेले ते देशातले एकमेव राज्य ठरले. अशा वेळी सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, दिवशी टीव्हीवर जाहिरात आली: ‘वन टफ नर्ड’. चष्मिष्ट, पुस्तकी, पण खमक्या.

रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, पीट होकस्ट्रा, माइक कॉक्स, माइक बुशार्ड या तिघांनी कट्टर मते वाटून घेतली. मिशिगनमध्ये मतदाराची पक्षनोंदणी नसते, कुणीही कुठल्याही एका पक्षाच्या प्राथमिक फेरीत मत देऊ शकतो. त्यामुळे अपक्ष वृत्तीचे आणि काही डेमोक्रॅट मतदारही स्नायडरकडे आले. जुने मवाळ रिपब्लिकन गव्हर्नर विल्यम मिलिकेन यांचा पाठिंबा होताच. ३६ टक्क्यांवर उमेदवारी मिळाली आणि नोव्हेंबरात राज्याची राजधानी लान्सिंगचे डेमोक्रॅट महापौर व्हर्ग बर्नेरो यांना ५८–४० ने हरवले.

आणि पुढे? ‘राइट टू वर्क’ माझ्या कार्यक्रमपत्रिकेत नाही, असे हेच गृहस्थ वारंवार सांगत. म्हणजे कारखान्यात युनियनची वर्गणी द्यायची सक्ती नाही, असा कायदा. ११ डिसेंबर २०१२ रोजी लान्सिंगच्या विधानभवनाबाहेर हजारो कामगार उभे होते आणि आत विधेयक मंजूर झाले. त्याच दिवशी स्नायडरनी सही केली. वर त्यात दहा लाख डॉलरची तरतूद चिकटवलेली, कारण पैशाची तरतूद असलेल्या कायद्यावर मिशिगनमध्ये लोकांना सार्वमत मागता येत नाही.

याला मध्यममार्ग म्हणायचे असेल तर उजवा मार्ग कसा असतो?

ट्रॉयकर

डेट्रॉइटच्या उत्तरेला बरीच वर्षे राहतोय. दोन्ही वेळा मी स्नायडरनाच मत दिले आणि त्याची लाज नाही.

कडबोळे, तुम्ही निम्मीच गोष्ट सांगितली. राइट टू वर्कच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, युनियनांनी सामूहिक सौद्याचा हक्क थेट राज्यघटनेत घालायचा प्रस्ताव मतदानाला आणला होता. हे करू नका असे स्नायडर सांगत होते. लोकांनी प्रस्ताव आपटला. डाव फसल्यावर समोरचा हात बांधून बसेल ही अपेक्षा कशी?

आणि त्याच डिसेंबरात दुसरे विधेयक टेबलावर होते. परवानाधारकांना शाळेत लपवून बंदूक नेण्याची मुभा देणारे. त्यांच्याच पक्षाच्या आमदारांनी पाठवलेले. स्नायडरनी नकाराधिकार वापरला. मतदार ओळखपत्रासंबंधीची काही विधेयकेही त्याच वर्षी परत पाठवली. पक्ष ओढेल तिकडे जाणारा माणूस हे करतो का?

मेडिकेडचे तर तुम्ही नावच घेतले नाहीत. ओबामांच्या आरोग्य कायद्याखाली गरिबांचा विमा वाढवायचा की नाही यावर बहुतेक रिपब्लिकन गव्हर्नर पाठ फिरवून बसले होते. जून २०१३ मध्ये मिशिगनची सेनेट मत न घेताच सुट्टीवर गेली, तेव्हा हे इस्रायलचा दौरा अर्धा सोडून परतले आणि स्वतःच्याच पक्षाला सुनावले: सुट्टी नको, मत द्या. ऑगस्टात २० विरुद्ध १८ अशा काठावरच्या मतांनी ते पार पडले. सहा लाखांहून जास्त लोकांना त्यातून विमा मिळाला. पक्षातले कट्टर उजवे टी पार्टीवाले त्यांच्या नावाने शंख करत होते. हा मध्यममार्ग नाही तर काय?

आजोळ

ट्रॉयकरदादा, मेडिकेड मान्य. मिशिगनच्याच फ्लिंट शहराच्या नळाला आलेले शिसेमिश्रित पाणी कुठे गेले?

ट्रॉयकर

येणारच होते ते. फ्लिंटच्या नगर परिषदेने स्वतः मार्च २०१३ मध्ये ७–१ मतांनी डेट्रॉइटचे पाणी सोडून नव्या पाइपलाइनला जायचे ठरवले होते. हे कुणी सांगत नाही.

आजोळ

कारण ते अर्धसत्य आहे. परिषदेने मत दिले ते ह्युरॉन सरोवरातून येणाऱ्या नव्या पाइपलाइनला. ती तयार होईपर्यंत मधल्या काळात फ्लिंट नदीचे पाणी प्यायचे, यावर परिषदेने मत दिलेले नाही. तो निर्णय राज्याने नेमलेल्या प्रशासकांच्या राजवटीत झाला. शहराचा महापौर आणि परिषद तेव्हा नावापुरतीच होती.

मी पेशाने पाणीपुरवठ्याशी संबंधित आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नदीचे पाणी वाईटच असते असे नाही. पण त्या पाण्यात क्लोराइड जास्त होते आणि ते नळांना खात होते. जुन्या शहरांत रस्त्यापासून घरापर्यंतचा नळ शिशाचा असतो. त्याच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षे एक थर धरलेला असतो आणि तो शिसे पाण्यात उतरू देत नाही. तो थर टिकवायला शुद्धीकरण केंद्रात फॉस्फेट घालतात. डेट्रॉइटच्या पाण्यात ते असायचे. २५ एप्रिल २०१४ ला फ्लिंटने नदीचे पाणी सुरू केले आणि त्यात गंजरोधक घातलेच नाही. राज्याच्या पर्यावरण खात्याने ते लागत नाही असा अर्थ लावला. थर सुटला, शिसे थेट पेल्यात.

त्याच ऑक्टोबरात जनरल मोटर्सने आपल्या फ्लिंटच्या इंजिन कारखान्यात हे पाणी वापरणे बंद केले, कारण सुटे भाग गंजत होते. इंजिनाला चालत नाही हे कळल्यावर पोरांना ते आणखी वर्षभर पाजले गेले. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटीशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे जाहीरपणे मांडले, तेव्हा राज्याच्या अधिकाऱ्यांनी आधी त्यांनाच खोटे ठरवायला पाहिले. लीजनेअर्स या पाण्यातल्या जंतूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियासारख्या आजाराने १२ माणसे गेली ती वेगळीच.

आणि हे सगळे कशासाठी? दोन वर्षांत साधारण ५० लाख डॉलर वाचावेत म्हणून. शेवटी एकूण ६२ कोटी ६० लाख डॉलरची भरपाई ठरली, त्यातले ६० कोटी राज्याचे. हिशेबनीस गव्हर्नरच्या काळातला हा हिशेब.

कडबोळे

आजोळताई, नेमके. आणि प्रशासकांचा कायदा कुठून आला तेही लिहायला हवे. २०११ मध्ये स्नायडरनी आपत्कालीन प्रशासकाचे अधिकार प्रचंड वाढवले: करार मोडायचे, मालमत्ता विकायची, निवडून आलेल्यांना बाजूला सारायचे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी सार्वमतात तो कायदा रद्द केला. पुढच्याच महिन्यात थोडाफार बदलून नवा कायदा आला, पुन्हा तीच तरतुदीची मेख मारून, म्हणजे परत सार्वमत नको. कंपनीत हे चालते. संचालक मंडळाने नाही म्हटले तर कागद बदलून पुढच्या बैठकीत आणायचे. मतदाराने नाही म्हटल्यावर तेच करणारा माणूस स्वतःला कोणत्या तोंडाने मध्यममार्गी म्हणवतो?

जुना_गिरणगावकर

मुंबई-पुण्याच्या महापालिका २०२२ च्या मार्चपासून वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती होत्या तेव्हा आपल्याकडे किती जणांनी आवाज केला? ‘बरे झाले, नगरसेवकांची कटकट गेली’ असे सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलणारे मी ऐकलेत. फ्लिंटवर अश्रू ढाळताना तेही आठवा.

साखरपेंड

+१ गिरणगावकर काका. पण विषयांतर होतेय.

ट्रॉयकर

फ्लिंटचा बचाव मी करणार नाही. स्नायडरनी स्वतः नेमलेल्या समितीनेच मार्च २०१६ च्या अहवालात राज्य सरकारवर ठपका ठेवला, तो मान्य. पुढे २०२१ मध्ये त्यांच्यावर कर्तव्यात कसूर केल्याचे दोन किरकोळ गुन्हे दाखल झाले. ज्या पद्धतीने आरोप ठेवले ती पद्धतच बेकायदा ठरल्याने ते टिकले नाहीत. निर्दोष म्हणा, सुटले म्हणा, तुमची मर्जी.

पण त्याच प्रशासक कायद्याने डेट्रॉइट वाचले हेही लिहा. जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी मागितली, साधारण १८ अब्ज डॉलर देणे. अमेरिकेतली सर्वांत मोठी नगरपालिका दिवाळखोरी. केव्हिन ऑर हे प्रशासक. धनको म्हणत होते कला संग्रहालयातली चित्रे विका. निवृत्त कर्मचारी म्हणत होते पेन्शनला हात लावू नका. त्यातून तो मोठा समझोता निघाला, धर्मादाय संस्थांचे पैसे आणि राज्याचे १९ कोटी ५० लाख मिळून ८० कोटींच्या वर रक्कम उभी राहिली. रिपब्लिकन विधिमंडळाकडून डेट्रॉइटसाठी एवढे पैसे काढणे म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळते. डिसेंबर २०१४ मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर पडले. चित्रे जागेवर, पोलीस आणि अग्निशमनवाल्यांची मूळ पेन्शन शाबूत, इतरांची साडेचार टक्के कापली. संध्याकाळी खाली डेट्रॉइटमध्ये जेवायला जायची आमच्याकडे पूर्वी कुणाची छाती नव्हती.

साखरपेंड

मूळ पेन्शन साडेचार टक्के, पण महागाईनुसार होणारी वाढही गेली. शिवाय २०११ मध्ये याच गव्हर्नरने कंपन्यांचा कर दीड अब्ज डॉलरहून जास्त उतरवला आणि त्याची भरपाई करताना निवृत्तांच्या पेन्शनवर राज्याचा आयकर बसवला. जेवायला डेट्रॉइटला जाणारे आणि पेन्शनवर जगणारे ही दोन वेगळी माणसे आहेत, ट्रॉयकर साहेब.

बारामाही

एवढी चर्चा आणि आपल्या बेळगावच्या माणसाचे नाव नाही? स्नायडरांची मुदत संपताना, २०१८ मध्ये, त्याच खुर्चीसाठी श्री ठाणेदार उभे होते. चिकोडीचा जन्म, बेळगावात वाढले, १९७९ मध्ये अमेरिकेत, रसायनशास्त्रात डॉक्टरेट, प्रयोगशाळांच्या कंपन्या. स्वतःचे एक कोटीहून जास्त डॉलर घातले. डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत तिसरे आले, १८ टक्क्यांच्या आत-बाहेर. पण ते मध्यममार्गी म्हणून उतरले नव्हते, चांगलेच डावे म्हणून उतरले. पूर्वी रिपब्लिकन मॅककेन यांना देणगी दिल्याचे निघाले तेव्हा त्यावरून टीकाही झाली. आमच्याकडच्या गटांत मात्र कार्यक्रम कुणी वाचला नव्हता, ‘आपला माणूस’ एवढेच फिरत होते. आता ते अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे तिथल्या काँग्रेसमध्ये, आहेत.

माझा मुद्दा: पैसेवाल्या उद्योजकाला जी गल्ली मोकळी दिसते त्या गल्लीतून तो शिरतो. स्नायडरना २०१० मध्ये मधली मोकळी मिळाली. २०१८ मध्ये डेमोक्रॅटांची मधली गल्ली पुढे गव्हर्नर झालेल्या ग्रेचन व्हिटमर यांनी अडवली होती.

ट्रॉयकर

पैशाने निवडणूक मिळत नाही. त्याच २०१० मध्ये कॅलिफोर्नियात ईबेच्या मेग व्हिटमन यांनी स्वतःचे १४ कोटी डॉलर घातले आणि जेरी ब्राउन यांच्याकडून हरल्या.

बारामाही

मिळत नाही, पण दार उघडते. कॅन्ससमध्ये २०१८ ला ग्रेग ऑर्मन हे उद्योजक मध्यममार्गी अपक्ष म्हणून लढले, साडेसहा टक्क्यांवर अडकले. पक्षाचे चिन्ह नाही तर मध्यममार्गाला कुणी कुत्रे विचारत नाही.

आजोळ

कडबोळे, तुमच्या मूळ सिद्धांतात मला एक फट दिसते. मॅसॅच्युसेट्स बघा. मिट रॉम्नी भांडवलाच्या धंद्यातून, चार्ली बेकर आरोग्य विमा कंपनीतून आलेले. दोघेही रिपब्लिकन, दोघेही मध्यममार्गी म्हणून निवडून आले. रॉम्नींच्या काळात २००६ मध्ये सगळ्यांना विमा देणारा कायदा झाला. बेकर आठ वर्षे राहिले आणि लोकप्रिय राहिले. फरक काय? तिथे विधिमंडळ डेमोक्रॅटांचे होते, नकाराधिकार मोडून काढता येईल इतक्या बहुमताचे. मध्ये राहण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. मिशिगनमध्ये २०११ ते २०१८ गव्हर्नर, प्रतिनिधीगृह आणि सेनेट तिन्ही एकाच पक्षाचे. म्हणजे उमेदवाराच्या स्वभावाकडे पाहून मत देण्यात अर्थ नाही, समोर कोण बसणार आहे ते पाहा.

कडबोळे

हे माझ्या म्हणण्याच्या जवळच जाते. २०१८ च्या डिसेंबरात खुर्ची सोडता सोडता त्यांनी काय केले? किमान वेतन आणि आजारपणाची रजा यांसाठी लोकांनी सह्या गोळा करून आणलेले प्रस्ताव विधिमंडळाने आधी स्वतःच मंजूर करून घेतले, म्हणजे ते मतदानाला जाणार नाहीत. निवडणूक उरकताच त्यांची धार काढून टाकली. स्नायडरनी सही केली. त्यांना तेव्हा पुन्हा निवडणूक लढवायची नव्हती, कुणाची भीती नव्हती. २०२४ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही युक्ती घटनाबाह्य ठरवली.

ट्रॉयकर

आणि २०२० मध्ये याच माणसाने उघडपणे बायडेन यांना पाठिंबा दिला, हेही त्याच माणसाने केले. २०१४ मध्ये, राइट टू वर्क आणि पेन्शन कर दोन्ही डोळ्यांसमोर असताना, मिशिगनने त्यांना ५१–४७ ने परत निवडले. हे सगळे मतदार मूर्ख होते असे म्हणायचेय का?

आजोळ

मूर्ख नाही. पण ते मतदान नोव्हेंबर २०१४ चे. फ्लिंटच्या नळाला नदीचे पाणी येऊन तेव्हा सहा महिने झाले होते आणि पाणी ठीक आहे असेच सरकारी उत्तर होते. ते मत कशाच्या आधारावर दिले गेले, एवढेच विचारतेय.