हॉलमार्कची सक्ती नेमकी कुणासाठी?

शंकासुर:
काल इथे एका महाशयांनी लिहिलं, 'सराफ चार पिढ्यांचा असेल तर सरकारी शिक्का कशाला? खोट्याला बाजारच बाहेर फेकतो.' कधी फेकतो? खोट कळल्यावर ना! सोन्यातली खोट कळते दागिना मोडायला नेल्यावर. आईच्या पाटल्या २२ कॅरेट म्हणून घेतलेल्या. मशीनवर १८ निघाल्या. तोवर ते दुकानच उठलेलं. फेका आता! हॉलमार्क २००० पासून ऐच्छिक होताच. तेव्हा कुणी अडवलं होतं? जून २०२१ मध्ये सक्ती आली तर ऑगस्टमध्ये सराफांचा लाक्षणिक संप!

पेठकर:
ते महाशय मीच. सक्ती आली तीसुद्धा आधी २५६ जिल्ह्यांत. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असली की सूट. दागिना २ ग्रॅमच्या आत असला तरी सूट. म्हणजे मोलकरीण पैसे साठवून मुरणी, बाळ्या घेते, नेमकं तेच वगळलं. आणि शिक्का मारणारी केंद्रं बहुतेक खासगीच.

नाशिकची_मावशी:
शिक्क्याचं राहू द्या, घडणावळीवर कोण लक्ष ठेवणार? लेकीच्या तोड्यांना १४ टक्के लावली. हॉलमार्क होता, तरी मोड देताना त्याच दुकानात घट कापली!

शंकासुर:
मावशी, तो वेगळा धागा काढा ना.

कट्ट्यावरचा_सराफ:
घडणावळ ही मजुरी आहे. ब्लाउज जुना झाल्यावर शिलाई परत मागता का?

नाशिकची_मावशी:
नाही मागत. पण शिंपी कापडाच्या भावावर टक्के लावत नाही! सोनं चढलं की तुमच्या कारागिराचे हातही महागतात का? त्याला त्यातलं किती देता तेवढं सांगा.

कट्ट्यावरचा_सराफ:
टक्क्यांत घडवताना वाया जाणाऱ्या सोन्याची तूटही धरलेली असते. घरी बसून धंदा शिकवू नका.

नाशिकची_मावशी:
मग तूट वेगळी लिहा ना बिलावर! की हात थरथरतो?

पेठकर:
बघा, शिक्का असूनही बाई लुटल्या गेल्याच.

शंकासुर:
सोन्यात नाही ना लुटल्या? पूर्वी दोन्हीकडून मार होता. आता दागिन्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की शुद्धता, सराफ, केंद्र सगळं दिसतं. चार पिढ्यांच्या विश्वासाचं ॲप आहे का? मुरणीला सूट देणं चूक, हे मात्र खरं. म्हणजे नियम वाढवा, काढू नका.

पेठकर:
ॲप बरं आहे. एवढं सरकारचं कौतुक वर्षभर पुरेल.

कट्ट्यावरचा_सराफ:
मावशी, बिल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघतो.

नाशिकची_मावशी:
व्यनि कशाला? टक्क्यांचं इथेच बोला, सगळ्यांसमोर.