जप करताना बोटांना मुंग्या, डोकं हलकं : मदत हवी आहे

गोदाकाठ:
नमस्कार, मी इंदिरानगर, नाशिकची. पहाटे ‘श्रीराम जय राम जय जय राम’ जपते. मण्यामागे एक खोल श्वास. तीन माळा साधारण २० मिनिटांत होतात. दुसऱ्या माळेपासून बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि छातीत धडधडतं. कुठे चुकतंय? टेकून बसलं तर चालतं का?

पंचवटीकर:
ताई, हिशेब मांडा. तीन माळा म्हणजे ३२४ मणी, म्हणजे मिनिटाला १६ श्वास, तेही खोल! एरवी श्वास साधारण याच गतीने चालतो, पण उथळ असतो. त्या गतीने खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या आणि हलकं डोकं त्यातूनच.

नाकाने चार सेकंद श्वास घ्या, तेव्हा मंत्र नको. सोडताना सहा सेकंदांत अख्खा मंत्र मनात म्हणा. तेरा अक्षरं आरामात बसतात. शेवटचा ‘राम’ पूर्ण झाल्यावरच अंगठ्याने मणी ओढा. मणी आधी सरकला की श्वास त्याच्यामागे धावतो, घाई तिथेच सुरू होते. या चालीने एक माळ १८ मिनिटांची. तेवढी पुरे, आधी ५४ मण्यांवर थांबलात तरी उत्तम. दम लागला तर तीन सेकंद घेणं, चार सेकंद सोडणं यावर या, पण सोडणं लांबच ठेवा, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. श्वास रोखू नका.

नाशिकच्या टाकळीला समर्थ रामदासांनी याच मंत्राचा तेरा कोटी जप केला अशी परंपरा आहे. ते ऐकून आपल्याकडे माणसं आकड्याच्या मागे लागतात. मन शांत करायचं असेल तर आकडा बाजूला ठेवा.

सातपूरवाला:
घोंगडीची घडी घालून बैठक गुडघ्यांपेक्षा चार बोटं उंच करा, पाठ आपोआप सरळ होते. कंबर टेकवा, डोकं नको. डोकं टेकलं की डुलकी लागते. थंडीत पहाटे नाक चोंदलं असेल तर आधी वाफ घ्या. साध्या श्वासातही चक्कर किंवा धडधड राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

गोदाकाठ:
धन्यवाद दोघांनाही. मनात म्हणताना मंत्र मध्येच तुटतो. पुटपुटला तर?

पंचवटीकर:
चालेल. ओठ हलू द्या, आवाज नको. लय बसली की ओठ थांबवा.