विज्ञान दिनाच्या प्रश्नमंजुषेसाठी वावरातले, गोठ्यातले प्रश्न सुचवा

केळापूरची मॅडम:

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात केळापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. केंद्रातल्या शाळांची प्रश्नमंजुषा यंदा आमच्याकडे आहे आणि प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आलंय.

बाजारातली सामान्य ज्ञानाची पुस्तकं चाळली. पेनिसिलिन कोणी शोधलं, सर्वांत मोठा ग्रह कोणता, शरीरात हाडं किती. पोरांना हे तोंडपाठ आहे. प्रश्न पुरता वाचायच्या आत "२०६!" म्हणून ओरडतात. पण त्या २०६ पैकी आपल्या एका मनगटातच आठ आहेत, हे चाचपून पाहावं असं कोणाला वाटत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

मला असे प्रश्न हवेत, ज्यांचं उत्तर पोरगं घरी, वावरात, गोठ्यात जाऊन तपासू शकेल. शाखा कोणतीही चालेल. नमुना सांगते. वर्गात विचारलं, गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात किती? बहुतेकांनी आठ सांगितले, घरी ढोरं असलेल्यांनीही. मी उत्तर दिलं नाही, घरी पाहून या म्हटलं. दुसऱ्या दिवशी एक पोरगा धावत आला, "मॅडम, वरती एकही नाही! आजोबानं बैलाचं तोंड उघडून दाखवलं." वर नुसती कडक हिरडी असते, आठही दात खाली. बैलबाजारात वय सांगताना दोनदाती, चारदाती, जुळलेला म्हणतात ते सगळं खालच्या दातांवरून. मग त्यानेच पुढे विचारलं, "वर दात नाही तर गवत तोडते कशी?" जीभ गवताला वेटोळं घालते, खालचे दात वरच्या हिरडीवर दाबते आणि मानेला झटका देते. हे पाहायला अख्खा वर्ग मधल्या सुट्टीत शेजारच्या गोठ्यात गेला होता.

असे प्रश्न सुचवा.


पऱ्हाटीवाला, वणी:

मॅडम, नमस्कार. तुमचा प्रश्न वाचून लय आनंद झाला. आमच्या घरी बापापासून कापूसच करून राहिलो, म्हणून कापसावरचेच सांगतो.

पहिला प्रश्न असा घ्या: सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणारी वनस्पतीची एक पेशी दाखवा. पोट्टे म्हणतील, पेशी काय डोळ्यांनी दिसते का? दिसते. कापसाचा एक धागा म्हणजे एकच पेशी. फूल उमलते त्या सुमारास सरकीच्या सालीवरच्या काही पेशी बाहेर वाढायला लागतात आणि तीन आठवड्यांत इंचभर लांब होतात. त्यानंतर आतून सेल्युलोजचे थर बसत जातात. बोंड फुटलं की पेशी मरते, वाळते, चपटी होते आणि तिला पीळ पडतो. तो पीळ आहे म्हणून एक धागा दुसऱ्याला धरतो आणि सूत निघते. नाही तर चरख्यावर काही जमलं नसतं. एका सरकीवर असे हजारो धागे असतात.

दाखवायचं असं: बोंडातली एक सरकी घ्या, धागे दोन्ही बाजूंनी बोटांनी विंचरून सरळ करा, काळ्या कागदावर ठेवा. मग एक धागा चिमटीत धरून अलग काढा आणि पट्टीवर मोजा. जिनिंगवर व्यापारी कापूस चिमटीत ओढून लांबी पाहतो, तो हेच करत असतो. त्या पोट्ट्याला सांगा, तुझ्या बोटात आत्ता एक पेशी आहे. धाग्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी, म्हणजे लांबी जाडीच्या हजारपटीहून जास्त.

दुसरा प्रश्न: एकाच पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, पांढरी फुलं आणि गुलाबी फुलं, दोन जाती आहेत का? जात एकच. पहिल्या दिवशी फूल पिवळसर पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य तयार होते म्हणून. पोट्ट्यांनी सकाळी पांढऱ्या फुलाच्या देठाला दोरा बांधावा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावं.

तिसरा प्रश्न मोठ्या वर्गासाठी ठेवा, पण ठेवाच. उत्क्रांती कुठे पाहायला मिळते? पुस्तकात जिराफ असतो. आमच्या वावरात गुलाबी बोंडअळी आहे. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जिवाणूचा जीन त्यात टाकला, त्याच्यामुळे झाडातच अळीला मारणारं प्रथिन तयार होते. सुरुवातीला अळी मरत होती. पण लाखो अळ्यांत एखादी अशी असते की तिला ते लागतच नाही. बाकीच्या मेल्या, ही उरली, हिची पिल्लं वाढली. २०१७ मध्ये विदर्भात बोंडच्या बोंड आतून पोखरलेले निघाले. आमचंही पीक गेलं. अळीने काही "सवय लावून घेतली" नाही, मॅडम. ज्या मरत नव्हत्या त्याच शिल्लक राहिल्या. हा फरक पोट्ट्यांना समजावून सांगा, कारण गावात मोठी माणसंसुद्धा सवयच म्हणतात.

आणि बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटी पाकीट काहून येत होतं, हेही विचारा. वावराच्या कडेने ते पेरलं की त्यावर साध्या अळ्या जगतात. त्यांच्या पतंगांशी न मरणाऱ्या अळ्यांच्या पतंगांचा संकर होते आणि पुढच्या पिढीत न मरण्याचा गुण पातळ होते. बहुतेकांनी ते पाकीट पेरलं नाही, उगाच जागा जाते म्हणून. बांधावरच्या त्या चार ओळी कशासाठी आहेत हे आम्हाला कोणी नीट सांगितलं असतं, तर बरंच वाचलं असतं.


मेहकरचा वाटसरू:

मॅडम, लोणारचं सरोवर आमच्यापासून जवळ, म्हणून हा प्रश्न. ते ज्यात आहे तो १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा ज्वालामुखीचा नसून उल्केच्या आघाताचा, हे कशावरून ठरलं? तिथल्या खडकात मास्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार खनिजावर आघाताचा प्रचंड दाब पडला की ते न वितळताच काचेसारखं होतं. ज्वालामुखीत एवढा दाब नसतो. लोणारचा खडक बेसाल्ट, चंद्रावरही बेसाल्ट आहे, म्हणून चंद्रावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ इथे येतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे. ते आणायची गरज नाही, घरी कपड्याच्या सोड्याचं पाणी हळदीवर टाका. हळद लाल होते. साबण लागला की सदऱ्यावरचा हळदीचा डाग लाल का होतो, याचं उत्तर त्यातच आहे.


धानोऱ्याचा लॅबवाला:

मॅडम, मी गडचिरोली जिल्ह्यात रक्त तपासतो. सिकलसेलवर, म्हणजे आई-बाबांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारावर, प्रश्न घ्या ही विनंती. आपल्या भागात इतका महत्त्वाचा प्रश्न दुसरा नाही.

प्रश्न: आई-बाबा दोघेही वाहक, म्हणजे एएस: एक जीन साधा (ए), एक सिकलसेलचा (एस). पहिलं मूल एसएस झालं, म्हणजे दोन्ही जीन सिकलसेलचे, आजार असलेलं. आता पुढची तीन मुलं सुरक्षित का? गावोगावी मला "हो" असंच उत्तर मिळतं, कारण चारात एक हे कुठेतरी ऐकलेलं असतं. खरं म्हणजे प्रत्येक गरोदरपणात नव्याने चारात एक शक्यता. दोन डबे घ्या, एक आईचा, एक बाबाचा. प्रत्येकात एक सोयाबीनचा आणि एक तुरीचा दाणा. डोळे मिटून दोन्हीतून एकेक काढा, नोंद करा, दाणे परत टाका. पोरांना शंभर वेळा करायला लावा. दोन्ही तुरीचे निघाले की एसएस. लागोपाठ दोनदा निघाले की वर्गात जी शांतता होते, ती मी पाहिली आहे.

कारण सांगायचं तर, रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं येतं. एवढाच बदल. त्याने ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत संपते. रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये याला रेणूचा आजार म्हटलं. वाहकाला मलेरियाचा गंभीर त्रास कमी होतो, म्हणून मलेरियाच्या पट्ट्यात हा जीन टिकून राहिला.


केळापूरची मॅडम:

सगळ्यांचे आभार. पऱ्हाटीवाले भाऊ, धाग्याचा प्रश्न नक्की घेते. फुलाचा प्रश्न फेब्रुवारीत तपासता येणार नाही, तो ऑगस्टसाठी ठेवते.

लॅबवाले दादा, तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. माझ्या वर्गात एक मुलगी एसएस आहे. थंडीत अंग दुखून महिन्यातून काही दिवस येत नाही. स्टेजवर हा प्रश्न आला आणि कोणी तिच्याकडे वळून पाहिलं तर? म्हणून मी दरवर्षी हा विषय टाळत आले.


धानोऱ्याचा लॅबवाला:

टाळू नका, मॅडम, पण स्टेजवरही घेऊ नका. दाण्यांचा खेळ प्रश्नमंजुषेच्या आधी वर्गात घ्या. अक्षरं ए आणि एस न ठेवता फक्त सोयाबीन आणि तूर म्हणा, आजाराचं नाव शेवटी सांगा. त्या मुलीला आणि तिच्या आईला आदल्या दिवशी विचारून घ्या. माझा अनुभव असा की अशा मुलांना आपल्या आजाराचं कारण वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जास्त जाणून घ्यायचं असतं. तिला दाणे काढायला नको, नोंदवही द्या. आणि पाणी भरपूर पी, थंडीत स्वेटर घाल, हे सगळ्यांनाच सांगा, तिला एकटीला नको.

शाळेत सोल्युबिलिटी चाचणी (रक्तात सिकलसेलचं, म्हणजे एस हिमोग्लोबिन आहे का ते पाहायची) दाखवायची असेल तर तालुक्याच्या आरोग्य केंद्राशी बोला. नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर एस हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा लपल्या तर आहे, मग वाहक की रुग्ण ते पुढच्या तपासणीत कळते. रक्त कोणाचं ते पोरांसमोर सांगायचं नाही, एवढं त्यांच्याकडून आधी कबूल करून घ्या.


पऱ्हाटीवाला, वणी:

मॅडम, बोंडअळीमुळे मी फरदड (वेचणी झाल्यावरही आणखी कापसासाठी उभं ठेवलेलं पीक) ठेवत नाही, पऱ्हाटी डिसेंबरातच उपटली. पण घरात सरकीसकट कापूस आहे. वणीहून पांढरकवड्याच्या एसटीत कोणी ओळखीचं भेटलं की थैली पाठवतो. काळा कागद आणि चांगलं भिंग तेवढं तुमच्याकडे असू द्या. धाग्याचा पीळ मात्र भिंगातून नीट दिसत नाही, त्याला शाळेचा सूक्ष्मदर्शक काढावा लागेल.